चॅट्सवर्थ कुणाकडे गेलं, आणि का: कॅव्हेंडिश घराण्याचा पावणेपाचशे वर्षांचा वारसा

डेव्हनशायरच्या ड्यूकचा डेव्हनशायरशी तसा काही संबंध नाही. त्यांचं घर, म्हणजे चॅट्सवर्थ, आहे इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायरमध्ये. आडनाव कॅव्हेंडिश. आणि खऱ्याखुऱ्या डेव्हन परगण्यात राहणारे ‘अर्ल ऑफ डेव्हन’ (अर्ल हा ड्यूकपेक्षा खालचा सरदारी किताब) म्हणजे कोर्टनी नावाचं वेगळंच घराणं. त्यात भर म्हणजे १६१८ पासून १८९१ पर्यंत या कॅव्हेंडिश घराण्याच्या प्रत्येक कर्त्या पुरुषाचं नाव विल्यम. एकापाठोपाठ एक असे दहा विल्यम. नुसतं ‘विल्यम कॅव्हेंडिश’ म्हटलं तर इंग्रज माणूससुद्धा विचारतो, कुठला?

अशा घराण्याचा इतिहास वाचताना तीन गोष्टींची खाती वेगळी ठेवावी लागतात: आडनाव, किताब आणि मालमत्ता. आडनाव बापाकडून सगळ्या मुलांना मिळतं. किताब राजाच्या सनदेत जे शब्द लिहिलेले असतात त्याप्रमाणे जातो. तो विकता येत नाही, मृत्युपत्रात लिहून देता येत नाही, आवडत्या मुलाला तर नाहीच नाही. मालमत्ता मात्र कागदोपत्री जशी बांधली असेल तशी जाते. चॅट्सवर्थच्या मालकाला ड्यूक व्हावंच लागतं असं नाही, आणि ड्यूकच्या नावावर चॅट्सवर्थ असेलच असंही नाही. या घराण्यात किताब आणि मालमत्ता इतकी शतकं एकाच माणसाच्या हाती राहिली, ती मुद्दाम आणि दर पिढीला नव्याने कागद करून ठेवली म्हणून. कागद चुकला किंवा मरण अवेळी आलं की काय होतं, त्याचे दाखलेही याच घराण्यात आहेत.

चार लग्नं आणि एक हिशेबी बाई

घराण्याची खरी संस्थापक एलिझाबेथ हार्डविक. तिला सगळे ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणतात. डर्बीशायरमधल्या साध्या जमीनदाराची मुलगी. जन्म १५२७च्या आसपास, मृत्यू १६०८. तिची चार लग्नं झाली आणि प्रत्येक नवऱ्यामागे ती आधीपेक्षा श्रीमंत होऊन उरली. हे नशिबाने झालं नाही. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या उत्पन्नात तहहयात एक तृतीयांश वाटा मिळे. पहिला नवरा रॉबर्ट बार्ली १५४४ मध्ये पोरवयातच गेला. सासरच्यांनी वाटा द्यायला टाळाटाळ केली तेव्हा बेस थेट कोर्टात गेली आणि हक्क घेऊनच थांबली. तेव्हा ती जेमतेम सतरा वर्षांची असेल.

१५४७ मध्ये दुसरं लग्न झालं ते सर विल्यम कॅव्हेंडिश यांच्याशी. आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांच्या जमिनी जप्त केल्या, त्या जमिनींची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी खात्यातले हे अधिकारी. अशा जमिनी आधी आपल्याकडे वळवण्याची संधी कुणाला मिळत असेल हे सांगायला नको. पण त्या विखुरलेल्या होत्या. लग्नानंतर कॅव्हेंडिशांनी दुसरीकडच्या जमिनी मोडून बेसच्या माहेरच्या मुलखात, डर्बीशायरमध्ये, जमीन घ्यायला सुरुवात केली. १५४९ मध्ये ६०० पौंडांना चॅट्सवर्थ घेतलं, १५५२ मध्ये बांधकाम सुरू झालं. या जोडप्याला आठ मुलं झाली, सहा जगली. १५५७ मध्ये कॅव्हेंडिश वारले तेव्हा सरकारी हिशेबात ५,००० पौंडांहून जास्त तूट निघाली होती आणि ती बेसच्या गळ्यात पडली. तिसरे पती सर विल्यम सेंट लो राणी एलिझाबेथच्या मर्जीतले. त्यांच्या काळात ही भानगड बरीच निस्तरली. ते गेले तेव्हा स्वतःच्या मुलींना बाजूला सारून सगळं बेसच्या नावावर करून गेले. त्या मुलींना काय वाटलं असेल ते असो.

चौथे पती जॉर्ज टॅल्बट, श्रूजबरीचे सहावे अर्ल, इंग्लंडमधल्या सर्वांत धनाढ्य सरदारांपैकी एक. इथे बेसचं डोकं कसं चालायचं ते नीट दिसतं. स्वतःच्या लग्नाबरोबर तिने आणखी दोन लग्नं पक्की केली: तिचा थोरला मुलगा हेन्री आणि अर्लची मुलगी ग्रेस, तिची मुलगी मेरी आणि अर्लचा मुलगा गिल्बर्ट. म्हणजे अर्ल आधी जावोत की ती, पैसा फिरून नातवंडांतच येणार. पुढे हे लग्न विटलं. १५६९ ते १५८४ स्कॉटलंडची राणी मेरी अर्लच्या नजरकैदेत होती, तिच्या लवाजम्याचा खर्च अर्लच्या माथी, आणि त्यातून नवराबायकोत कायमची वितुष्टं. १५९० मध्ये अर्ल वारले आणि बेसने त्याच वर्षी नवं हार्डविक हॉल बांधायला घेतलं. त्याच्या मनोऱ्यांच्या माथ्यावर तिने दगडात ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरं कोरून घेतली, एलिझाबेथ श्रूजबरी. खाली मैलभरावरूनही वाचता यावीत एवढी मोठी. काच महाग असण्याच्या काळात तिने भिंतीपेक्षा खिडक्या जास्त ठेवल्या.

मालमत्तेच्या बाबतीत तिचं एका गोष्टीपुढे चाललं नाही. थोरला हेन्री तिच्या मनातून साफ उतरला होता. तिने त्याला मृत्युपत्रातून वगळलं. पण चॅट्सवर्थची जमीन आधीच ‘एंटेल’मध्ये, म्हणजे ठरलेल्या वारसक्रमात, अडकलेली होती. त्यामुळे तिच्या मरणानंतर ती हेन्रीकडेच गेली. हार्डविक धाकट्या विल्यमला मिळालं. त्याने शेवटी भावाकडून चॅट्सवर्थचा पुढचा हक्क रोख पैसे मोजून विकत घेतला. हेन्रीला औरस मूल नव्हतं. १६१६ मध्ये तो वारला आणि हार्डविक व चॅट्सवर्थ एकाच हाती आले. याच विल्यमने १६१८ मध्ये पहिल्या जेम्स राजाला १०,००० पौंड देऊन डेव्हनशायरचं अर्लपद मिळवलं. त्या दरबारात किताबांचा बाजारच भरत होता. धाकट्या चार्ल्सची शाखा वेगळी झाली आणि न्यूकॅसलचे ड्यूक ही त्याच शाखेची. घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिणारा विल्यम कॅव्हेंडिश भेटला तर तो चॅट्सवर्थचा नव्हे, या दुसऱ्या शाखेचा.

सेटलमेंट म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे चार भावांत वाटण्या होतात आणि पाचव्या पिढीला सातबाऱ्यावर नावांची रांग लागते. इंग्लिश सरदारांना नेमकं तेच टाळायचं होतं. जमीन सगळी थोरल्याकडे जायची हा दंडक होताच. पण त्याने थोरला उधळ्या निघाला तर काय, हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वकिलांनी सेटलमेंटची पद्धत बसवली.

ती अशी चालते. बापाला इस्टेटीवर फक्त हयातीपुरता हक्क. उत्पन्न खा, घरात राहा, पण विकू नको. पुढचा हक्क थोरल्या मुलाचा. मुलगा २१ वर्षांचा झाला की कायद्याने बाप आणि तो मिळून ही बांधणी मोडू शकतात. नेमकं याच वयात बाप त्याला बोलावतो. मुलाच्या हातात पैसा नसतो, कदाचित थोडं कर्जही झालेलं असतं, लग्न करायचं असतं. बाप म्हणतो, दरसाल ठरावीक रक्कम देतो, पण नव्या कागदावर सही कर. त्या कागदाप्रमाणे मुलगाही आता फक्त हयातीपुरता मालक होतो आणि खरा हक्क सरकतो त्याच्या अजून जन्मालाही न आलेल्या मुलाकडे. पंचवीस-तीस वर्षांनी तो मुलगा २१ चा झाला की पुन्हा हेच. कायदा मालमत्ता कायमची बांधू देत नाही, म्हणून गाठ दर पिढीला नव्याने मारावी लागते.

याच कागदात बाकीच्यांची सोयही असते. विधवेला तहहयात वार्षिक रक्कम, मुलींना आणि धाकट्या मुलांना एकरकमी वाटा. हे सगळे बोजे इस्टेटीवरच चढतात. एखादी विधवा नव्वदीपर्यंत जगली, घरात सहा मुली झाल्या, की हुंडे देण्यासाठी जमीन गहाण पडते. विकता तर येत नाही. बाहेरून अफाट दिसणाऱ्या इस्टेटीचं निम्मं उत्पन्न व्याजात जातंय, असं चित्र म्हणूनच इतक्या घराण्यांत सापडतं.

दुसरी फट म्हणजे अवेळी मरण. दुसऱ्या अर्लने राजेशाही थाटात उधळपट्टी केली आणि १६२८ मध्ये तो वारला तेव्हा वारस अजून पोरवयाचा होता. बांधलेली जमीन विकून देणी भागवण्यासाठी पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागला. विधवा क्रिस्तियान ब्रूसने पुढची कित्येक वर्षं कोर्टकज्जे लढून इस्टेट सावरली. या घराण्याला बुडवणारे बहुतेक पुरुष आणि वर काढणाऱ्या बहुतेक बायका, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती नाही. याच कुटुंबात थॉमस हॉब्ज हा तत्त्वज्ञ १६०८ मध्ये शिकवणीला लागला आणि मधली पॅरिसची वर्षं वगळता जवळजवळ जन्मभर त्यांच्या आश्रयाला राहिला. १६७९ मध्ये हार्डविकमध्येच गेला.

चौथा अर्ल राजकारणात नेमका वेळेवर बाजू बदलणारा. १६८८ मध्ये ऑरेंजच्या विल्यमला (पुढे इंग्लंडचा राजा झालेला डच राजपुत्र) इंग्लंडवर या असं निमंत्रण देणाऱ्या पत्रावर ज्या सात जणांनी सह्या केल्या, त्यांत हा होता. बक्षीस म्हणून १६९४ मध्ये ड्यूक झाला. म्हणजे चौथे अर्ल आणि पहिले ड्यूक एकच; आकडे वाचताना इथे हमखास गोंधळ होतो. आज दिसणारं चॅट्सवर्थ बरंचसं त्याने १६८७ पासून बांधलेलं.

चौथ्या ड्यूकने १७४८ मध्ये शार्लट बॉइलशी लग्न केलं. ती बर्लिंग्टनच्या अर्लची वारस. तिच्या मागोमाग यॉर्कशायरचं बोल्टन अ‍ॅबी, आयर्लंडचा लिझमोर किल्ला, लंडनची बर्लिंग्टन हाउस आणि चिझविक हाउस अशी सगळी मालमत्ता कॅव्हेंडिशांकडे आली. एका लग्नात जेवढं आलं तेवढं त्या घराण्याने कुठल्याही लढाईत किंवा व्यापारात मिळवलं नाही. हा ड्यूक १७५६-५७ मध्ये काही महिने पंतप्रधानही होता, पण घराण्याच्या दृष्टीने लग्नच मोठं.

मुलगा कोण आणि वारस कोण

पाचवा ड्यूक आणि त्याची पहिली बायको जॉर्जियाना स्पेन्सर यांची कहाणी खूप लोकांना माहीत असते, ती प्रेमप्रकरणांमुळे. वारसाहक्क समजून घ्यायला मात्र तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

लग्न १७७४ मध्ये झालं. अपेक्षा एकच, मुलगा. १७८३ मध्ये मुलगी झाली, १७८५ मध्ये दुसरी मुलगी. दरम्यान जॉर्जियानाची जिवलग मैत्रीण लेडी एलिझाबेथ फॉस्टर त्यांच्याच घरी राहायला आली आणि ड्यूकची प्रेयसी झाली. (तिलाही ‘बेस’च म्हणत, हार्डविकच्या बेसशी गल्लत करू नये.) एलिझाबेथला ड्यूकपासून १७८८ मध्ये मुलगा झाला, ऑगस्टस क्लिफर्ड. म्हणजे ड्यूकला मुलगा होता, निरोगी होता, पण वारस नव्हता. सनदेत शब्द आहेत ‘औरस पुरुष वंशज’, आणि औरस म्हणजे आईबापांचं एकमेकांशी रीतसर लग्न झालेलं असताना जन्मलेला. १७९० मध्ये पॅरिसला जॉर्जियानाच्या पोटी विल्यम जन्मला, तेव्हा कुठे घराण्याने श्वास सोडला. १८०६ मध्ये जॉर्जियाना वारली, १८०९ मध्ये ड्यूकने एलिझाबेथशी लग्न केलं आणि ती डचेस झाली. पण त्या लग्नाने आधी जन्मलेला ऑगस्टस औरस ठरला नाही. वयाने थोरला असून तो नौदलात गेला, बॅरोनेट झाला, पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहात ‘ब्लॅक रॉड’ हे मानाचं पद सांभाळलं. ड्यूक मात्र दोन वर्षांनी धाकटा असलेला विल्यम.

उलट बाजूही बघा. जॉर्जियानाला चार्ल्स ग्रे (पुढे पंतप्रधान झालेले) यांच्यापासून १७९२ मध्ये मुलगी झाली, एलायझा कोर्टनी. तिला ग्रे कुटुंबाने वाढवलं. कॅव्हेंडिशांच्या कागदावर ती कुठेच नाही.

एवढ्या खटाटोपाने मिळालेला सहावा ड्यूक जन्मभर अविवाहित राहिला. त्याला ‘बॅचलर ड्यूक’च म्हणतात. पैसा बागेत, पुस्तकांत आणि शिल्पांत ओतला. १८२६ मध्ये त्याने तेवीस वर्षांच्याही आतल्या जोसेफ पॅक्स्टनला मुख्य माळी नेमलं. पॅक्स्टनने चॅट्सवर्थला १८३६ ते १८४० मध्ये प्रचंड काचघर उभारलं, आणि तिथे कमावलेलं कसब वापरून १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस. ड्यूकने एका माळ्याला ऑर्किड आणायला कलकत्त्यामार्गे खासी टेकड्यांपर्यंत धाडलं होतं.

जळगावकरांनी इथे कान द्यावा. १८३० च्या सुमारास पॅक्स्टनने मॉरिशसहून इंग्लंडात आलेलं एक बुटकं केळीचं रोप मिळवलं. १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये ते चॅट्सवर्थच्या एका काचघरात फुललं, नंतर घड लागला, आणि ड्यूकच्या आडनावावरून त्या जातीला ‘मुसा कॅव्हेंडिशाय’ नाव मिळालं. खानदेशातली बसराई काय किंवा आताची टिश्यू कल्चरची ग्रँड नैन काय, दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातल्या. त्यांचं मूळ आशियातलंच. नाव तेवढं डर्बीशायरच्या ड्यूकचं.

वारस शोधायचा कसा

१८५८ मध्ये सहावा ड्यूक निपुत्रिक वारला. त्याला दोन सख्ख्या बहिणी, दोघींना मुलगे. तरी त्यांच्यापैकी कुणी ड्यूक होऊ शकत नव्हता, कारण मध्ये बाई आली की सनदेची साखळी तुटते. मग एक-एक पिढी वर चढायची आणि तिथून पुरुषांच्या रांगेने खाली उतरायचं. बाप, पाचवा ड्यूक: दुसरा औरस मुलगा नाही. आजोबा, चौथा ड्यूक: पाचव्याच्या पाठचे दोन मुलगे. रिचर्ड अविवाहित वारला. पुढचा जॉर्ज. जॉर्जही गेला, त्याचा थोरला मुलगा १८१२ मध्येच गाडीच्या अपघातात गेला, पण त्या मुलाचा मुलगा, १८०८ साली जन्मलेला विल्यम, हयात. तोच सातवा ड्यूक.

त्याच दिवशी दुसरा एक किताब मात्र वेगळ्या वाटेने गेला. शार्लट बॉइलकडून आलेलं क्लिफर्डचं बॅरनपद १६२८ चं, आणि ते सनदेने नव्हे तर पार्लमेंटला हजर राहण्याच्या हुकमाने निर्माण झालेलं. असे जुने किताब मुलींकडेही जातात. पण मुली एकापेक्षा जास्त असल्या तर कायद्यापुढे सगळ्या सारख्या, थोरली-धाकटी भेद नाही. दोन बहिणी, म्हणून कुणालाच नाही. किताब लोंबकळत राहिला. एकाच माणसाच्या मरणाने एक किताब चुलत घरात गेला आणि एक अधांतरी राहिला, तो यामुळे.

या चुलत घराकडे पैसा कुठून आला होता हेही बघण्यासारखं आहे. त्यातला मोठा हिस्सा हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाचा. हा दुसऱ्या ड्यूकचा नातू, म्हणजे धाकट्या मुलाचा मुलगा, म्हणून किताब नाही. १७६६ मध्ये त्याने हायड्रोजनचा अभ्यास मांडला, १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजून पृथ्वीची घनता काढली. माणसांना इतका बुजायचा की मोलकरणींशीही चिठ्ठ्यांनी बोले. नातलगांकडून वारशाने आलेले पैसे खर्चच न केल्याने मरताना, १८१० मध्ये, त्याची संपत्ती दहा लाख पौंडांच्या घरात होती. मुख्य वारस म्हणून त्याने निवडला तो हाच जॉर्ज. त्या जॉर्जचा नातू सातवा ड्यूक केंब्रिजचा कुलपती असताना त्याच्या देणगीतून १८७४ मध्ये तिथली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली: कॅव्हेंडिश लॅबोरेटरी.

सातवा ड्यूक गणितात हुशार, स्वभावाने काटकसरी. वारशात सुमारे दहा लाख पौंडांचं कर्ज आलं होतं. त्याने जमिनी विकून ते फेडायच्या ऐवजी पैसा उद्योगात घातला: बॅरो-इन-फर्नेसचं पोलाद, गोदी, रेल्वे, आणि ईस्टबोर्न हे समुद्रकाठचं शहर. ईस्टबोर्न चाललं, बॅरो सुरुवातीला अफाट चाललं आणि मग बसलं. बुडत्या कंपन्यांना तोच पुन्हा पुन्हा पैसे घालत राहिला आणि कर्ज वाढलं. त्याचा दुसरा मुलगा फ्रेडरिक आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून डब्लिनला पोचला त्याच दिवशी, ६ मे १८८२ ला, फीनिक्स पार्कमध्ये त्याचा खून झाला. थोरला मुलगा, आठवा ड्यूक, राजकारणात ‘हार्टिंग्टन’ म्हणून ओळखला जातो. १८८० ते १८८२ तो भारतमंत्री होता, आणि पंतप्रधानपद त्याने तीनदा नाकारलं. त्यालाही मूल नाही. १९०८ मध्ये पुन्हा तोच खेळ: पाठचा फ्रेडरिक निपुत्रिक मारला गेलेला, त्याच्या पाठचा एडवर्ड १८९१ मध्ये वारलेला, म्हणून एडवर्डचा मुलगा व्हिक्टर नववा ड्यूक.

काही आठवड्यांची चूक

आता सरकार वारस म्हणून रांगेत उभं राहिलं होतं. १८९४ मध्ये ब्रिटनने मृत्यूनंतरच्या इस्टेटीवर नवा कर आणला, मोठ्यात मोठ्या इस्टेटीला ८ टक्के. १९१९ मध्ये तो ४० टक्के झाला, १९३० मध्ये ५०, १९४९ मध्ये ८०. (आपल्याकडेही १९५३ ते १९८५ असा इस्टेट ड्यूटी कायदा होता.) सेटलमेंटची पद्धत मुलाला आवर घालायला केलेली, करापुढे तिचा उपयोग नाही. उलट दर पिढीला एकाच माणसाकडून एकाच माणसाकडे सगळं जातं, म्हणून दर मरणाला सगळ्यावर कर.

१९०८ च्या मृत्यूचा कर पाच लाख पौंडांहून जास्त झाला. नवव्या ड्यूकने १९१४ मध्ये इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने छापलेली पंचवीस पुस्तकं आणि जुन्या नाटकांचा संग्रह अमेरिकेत विकला. १९२० मध्ये पॅक्स्टनचं काचघर पाडलं. महायुद्धात कोळसा आणि माळी दोन्ही नव्हते, झाडं मेली होती. लंडनची डेव्हनशायर हाउस विकली गेली आणि १९२४ मध्ये पाडली. तिचं लोखंडी फाटक आज ग्रीन पार्कच्या पिकॅडिलीकडच्या कडेला दिसतं. १९२९ मध्ये चिझविक गेलं. लंडनचा पसारा आवरून त्याने मूळ गढी वाचवली, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं होतं.

दहाव्या ड्यूकने वारसा वाचवायला दोन वाटा धरल्या. दुसऱ्या महायुद्धात घर सैन्याला न देता वेल्समधल्या एका मुलींच्या शाळेला दिलं. सैनिकांपेक्षा शाळकरी मुली घराची नासधूस कमी करतील हा हिशेब, आणि तो बरोबर निघाला. मालमत्तेसाठी मात्र कायद्यातली सवलत वापरली. मरणाआधी पुरेशी वर्षं मालमत्ता देऊन टाकली असेल तर तिच्यावर मृत्यूकर नाही. ही मुदत आधी तीन वर्षं होती, १९४६ मध्ये पाच केली.

वारस होता थोरला मुलगा विल्यम, म्हणजे बिली. त्याने मे १९४४ मध्ये कॅथलीन केनेडीशी लग्न केलं, जॉन केनेडी यांची बहीण. ती कॅथलिक, हे प्रॉटेस्टंट. दोन्ही घरं नाराज. सप्टेंबरमध्ये बिली बेल्जियममध्ये लढताना मारला गेला. मूल नव्हतं. असतं आणि मुलगा असता तर आज वेगळी शाखा चॅट्सवर्थला असती. कॅथलीन १९४८ मध्ये विमान अपघातात गेली आणि चॅट्सवर्थच्या शेजारी एडन्सरच्या चर्चच्या आवारात तिला पुरलं. धाकटा अँड्र्यू अचानक वारस झाला आणि १९४६ मध्ये दहाव्या ड्यूकने बहुतेक मालमत्ता त्याच्या फायद्यासाठी ट्रस्टमध्ये टाकली.

२६ नोव्हेंबर १९५० ला ईस्टबोर्नमध्ये लाकडं फोडताना दहावा ड्यूक कोसळला आणि गेला. वय ५५. पाच वर्षांची मुदत संपायला काही आठवडेच उरले होते. सबंध इस्टेटीवर ८० टक्के कर लागला.

रोख रकमेत तो भरणं शक्यच नव्हतं. मग काय दिलं? कायद्यात कराऐवजी वस्तू घेण्याची तरतूद होती. हार्डविक हॉल सरकारला गेलं आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं. चित्रांतलं सर्वोत्तम गेलं: मेमलिंगचं तीन फळ्यांचं चित्र नॅशनल गॅलरीला, क्लोदचा रेखाचित्रांचा संग्रह ब्रिटिश म्यूझियमला, दहाव्या शतकातली सेंट एथेलवोल्डची सोन्याने मढवलेली प्रार्थनापोथीही राष्ट्रीय संग्रहात. ठिकठिकाणची हजारो एकर जमीन विकली. थकलेल्या रकमेवर व्याज चढतच होतं, आणि १९६७ पर्यंत हा व्यवहार चालला. कुठली इस्टेट सोडायची याची निवड बारकाईने केलेली होती: हार्डविक सुंदर, पण चॅट्सवर्थपासून तुटलेलं. चॅट्सवर्थभोवतीची सलग जमीन शक्यतो हातची जाऊ द्यायची नाही, कारण घराचा खर्च भागवायला आसपासचीच कुळं, शेती आणि जंगल लागतं.

कर फिटला तरी घराचं छप्पर गळायचं थांबत नाही. अकराव्या ड्यूकने, म्हणजे अँड्र्यूने, १९८१ मध्ये चॅट्सवर्थ हाउस ट्रस्ट स्थापून घर, बाग आणि भोवतीचा पार्क ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्याला दिले. आता प्रवेशाच्या तिकिटांचा पैसा थेट देखभालीत जातो आणि ड्यूकचं कुटुंब स्वतःच्याच घरात भाडं भरून राहतं. ट्रस्टला मुद्दल हवं म्हणून १९८१ मध्ये पूसँचं एक चित्र आणि १९८४ मध्ये जुन्या उस्तादांची ७१ रेखाचित्रं विकली. त्या रेखाचित्रांचेच २ कोटी पौंडांवर आले. अँड्र्यूची बायको डेबोरा, मिटफर्ड बहिणींतली सर्वांत धाकटी, हिने १९७७ मध्ये इस्टेटीतलं मांस, दूध, भाजी विकणारं दुकान काढलं. सरदार घराण्यांनी आधी नाकं मुरडली, मग स्वतःची दुकानं काढली.

अँड्र्यू २००४ मध्ये गेला आणि त्याचा मुलगा पेरेग्रिन बारावा ड्यूक झाला. या वेळी किताब नेहमीच्या वाटेने गेला. चॅट्सवर्थचं घर आणि बाग मात्र आधीपासूनच ट्रस्टकडे होती. वरिष्ठ सभागृहातली वंशपरंपरागत खुर्ची तर १९९९ च्या कायद्यानेच गेली होती.

शेवटचा एक घोळ सोडवून ठेवू. ड्यूकच्या थोरल्या मुलाला बापाचा दुय्यम किताब सौजन्यापुरता वापरायला मिळतो: ‘मार्क्वेस ऑफ हार्टिंग्टन’. नातवाला त्याच्या खालचा: ‘अर्ल ऑफ बर्लिंग्टन’. वडील ड्यूक झाले की नातू वरच्या पायरीवर सरकतो, हा शिरस्ता. सध्याच्या वारसाने २००४ नंतरही बर्लिंग्टन हेच नाव ठेवणं पसंत केलं. त्यामुळे १८८० च्या कागदात ‘लॉर्ड हार्टिंग्टन’ दिसला तर तो आठवा ड्यूक व्हायचा आहे, १९४४ च्या कागदात दिसला तर तो बिली, जो कधीच ड्यूक झाला नाही, आणि आजच्या बातमीत वारस शोधायचा असेल तर हार्टिंग्टन नव्हे, बर्लिंग्टन या नावाने शोधायचा.